स्वयंपूर्ण घराचा हिशेब : एक काका-पुतण्या संवाद

शहरातलं घर जास्तीत जास्त स्वयंपूर्ण कसं करायचं, या प्रश्नावर पुण्यात सध्या दोन ठाम मतं ऐकू येतात. पहिलं मत उत्साही आहे: बाल्कनीत भाजी लावा, ओल्या कचऱ्याचं खत करा, गच्चीवर सौर पॅनेल बसवा, पावसाचं पाणी साठवा आणि बाजारावर विसंबून राहणं वर्षागणिक कमी करा. दुसरं मत म्हणतं, ही सुखवस्तू माणसांची हौस आहे. ज्याचं पाणी दुसऱ्याच्या डोंगरातून येतं, धान्य दुसऱ्याच्या खाचरातून येतं आणि कचरा दुसऱ्याच्या शिवारात जातो, त्याने चार कुंड्यांच्या जोरावर स्वयंपूर्णतेच्या गोष्टी करू नयेत. ही दोन मतं एकमेकांचं म्हणणं पुरतं ऐकून घेत नाहीत, म्हणून या लेखात त्यांना एकाच घरातली दोन माणसं केलं आहे. काका पासलीचे. वेल्ह्याहून केळद आणि मढे घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे भातशेतीचं गाव. तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं असलं तरी लोकांच्या बोलण्यात अजून वेल्हेच आहे. पुतण्या पुण्यात धायरीकडे, चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत राहतो. दोघेही काल्पनिक आहेत, वाद मात्र खरा आहे. २०११च्या जनगणनेत अख्ख्या वेल्हे तालुक्याची लोकसंख्या जेमतेम ५४ हजार होती आणि इथल्या अनेक घरांतलं कुणी ना कुणी पोटासाठी पुण्या-मुंबईत असतं. त्यामुळे शहर आणि गाव यांचं हे भांडण इथे एकाच पंगतीत बसतं. माझं स्वतःचं मत आधीच सांगतो: दोघांचंही निम्मं बरोबर आहे आणि दोघंही चुकीच्या मापाने मोजताहेत. एकट्या घराची स्वयंपूर्णता शक्य नाही. शहरातल्या घराने किती घेतलं आणि किती परत केलं, हे सोसायटी आणि खोरं या मापाने मोजलं, तरच या सगळ्या खटाटोपाला अर्थ येतो.

पुतण्या: काका, माझं म्हणणं साधं आहे. घर चालवायला पाणी, अन्न, वीज आणि गॅस बाहेरून येतात आणि कचरा बाहेर जातो. यातलं जेवढं घरात भागवता येईल तेवढं भागवावं. हे काही माझ्या मनाचे खेळ नाहीत. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी प्रयोग परिवार उभा केला आणि दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं असं मांडलं. चौरस फुटावर पडणारं ऊन पानांनी पुरतं झेललं पाहिजे आणि पालापाचोळ्याचं सगळं मातीत गेलं पाहिजे, एवढा त्यांचा आग्रह होता. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या जिवावर फळझाडं आणि भाज्या उभ्या केल्या. बाहेरच्या देशांतही हेच झालंय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या लोकांनी परसात आणि मोकळ्या मैदानांत भाजी लावली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबाचं तेल आणि खत बंद झालं, तेव्हा हवाना शहराने रिकाम्या जागांवर वाफे काढून स्वतःला भाजी पुरवली. तिथे जमलं, मग पुण्याच्या गच्चीवर का जमू नये?

काका: भाजी होईल रे. मेथी, कोथिंबीर, मिरची होईल, आळू तर सांडपाण्यावरसुद्धा होतो. पण भात कुठं लावशील? तू जे जेवतोस त्यात ताटभर भात आणि दोन पोळ्या असतात, भाजी असते वाटीभर. वाटीभराचा बंदोबस्त करून तू ताटाची गोष्ट सांगतोयस. आमच्याकडे रोहिणी-मृगात रोप टाकायचं, आषाढात चिखलणी करून लावणी करायची, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग झोडणी. एवढं करून एका कुटुंबाचं वर्षाचं कसंबसं निघतं. ते तुझ्या बाल्कनीत कसं निघेल, ते आधी मांडून दाखव.

काकांचं आव्हान रास्त आहे, आणि मांडून पाहिलं तर उत्तर त्यांच्याच बाजूने जातं. माणशी दिवसाला पाव किलो तांदूळ-गहू-ज्वारी धरली, तर चौघांच्या कुटुंबाला दिवसाला एक किलो, म्हणजे वर्षाला सुमारे ३६५ किलो धान्य लागतं. महाराष्ट्रात तांदळाचं सरासरी उत्पादन हेक्टरी दोन टनांच्या आसपास, म्हणजे एका चौरस मीटरमधून जेमतेम दोनशे ग्रॅम. या दराने एका कुटुंबाच्या धान्यालाच अठरा गुंठे, म्हणजे जवळजवळ अर्धा एकर जमीन हवी. दाभोळकरांच्या पद्धतीने उत्पादन दुप्पट केलं तरी नऊ-दहा गुंठे लागतीलच, आणि शहरातल्या फ्लॅटच्या वाट्याला येते ती तीस-चाळीस चौरस फुटांची बाल्कनी, तीही बहुधा अर्धा दिवस सावलीत. पुतण्याने दिलेले दाखलेसुद्धा बारकाईने पाहिले तर हेच सांगतात. युद्धकाळात अमेरिकेच्या परसांनी भाजी दिली, गहू शेतांतूनच आला. हवानाच्या वाफ्यांनी पालेभाजी आणि टोमॅटो दिले, पण क्यूबाला तांदूळ आणि गहू बाहेरून आणावाच लागला. जर्मन अर्थतज्ज्ञ फोन थ्यूनेन यांनी १८२६मध्येच याचं कारण मांडून ठेवलं होतं: जे लवकर नासतं ते शहराला लागून पिकवणं परवडतं, आणि जे टिकतं व वाहून नेता येतं ते लांब पिकवलेलं बरं. म्हणून बाल्कनीत काय लावायचं, याचं उत्तर सोपं आहे. कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, गवती चहा, मिरची, पालक, आळू: जे चिमूटभर लागतं आणि फ्रिजमध्ये दोन दिवसांत मान टाकतं, ते घरी. धान्य-डाळी पासलीसारख्या गावातून. यात कमीपणा कसला? जमिनीचा उपयोग जिथे जसा होतो तिथे तसा करणं, एवढंच त्यात आहे.

पुतण्या: बरं, धान्याचं मान्य. पण पाण्याचं तर जमेल? गच्चीवर पडणारा पाऊस आम्ही गटारात सोडतो. तो साठवला तर धरणावरचा भार कमी होईल.

काका: तुझ्या पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस. आमच्याकडे त्याच्या तिप्पट-चौपट कोसळतो. तरीसुद्धा वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांत एप्रिल-मे महिन्यात बायांना हंडा घेऊन झऱ्यावर ताटकळत बसावं लागतं. पाऊस पडतो म्हणून पाणी मिळत नाही, पोरा. पाणी थांबलं तर मिळतं.

हे शेवटचं वाक्य पूर्ण लेखाच्या मुळाशी आहे. घाटमाथ्यावरचा काळा कातळ पाणी फारसं मुरू देत नाही. वरची माती पातळ, उतार तीव्र; चार महिने पडलेलं पाणी ओढ्या-नद्यांतून वाहून जातं आणि धरणांत जाऊन बसतं. तोरणा किल्ल्याच्या उत्तरेकडची आंबी आणि मोसे या नद्यांची खोरी पानशेत आणि वरसगाव धरणांसाठी अडवली गेली, तिथली गावं त्यासाठी उठली आणि त्या पाण्यावर पुणे वाढलं. पासलीच्या बाजूचं पाणी नीरेच्या खोऱ्यात उतरतं आणि पुढे भाटघर, वीरच्या कालव्यांवर बारामती-फलटणकडचा ऊस पिकतो. ज्या डोंगरावर पाऊस पडतो, त्या डोंगराच्या वाट्याला साठवण आलेली नाही. पुतण्याच्या गच्चीलाही तोच नियम लागू आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. चारशे चौरस मीटरच्या गच्चीवर सातशे मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला, तरी सव्वादोन लाख लिटर मिळतात. ऐकायला हे पुष्कळ वाटतं. चाळीस फ्लॅटना वाटलं की घरटी ५,६०० लिटर येतात, आणि माणशी १३५ लिटरचं मानक धरलं तर चौघांच्या घराला ते दहा दिवस पुरतात. शिवाय ते सगळं पावसाळ्यात येतं, जेव्हा नळालाही पाणी असतं. म्हणून सोसायटीने छतावरचं पाणी टाकीत कोंडण्यापेक्षा गाळून बोअरवेलच्या भोवती मुरवणं जास्त शहाणपणाचं. त्याने घर स्वयंपूर्ण होणार नाही, पण मार्चनंतर मागवावे लागणारे टँकर कमी होतील.

पाण्याचा खरा लाभ साठवण्यापेक्षा न वापरण्यात आहे. घरातलं एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. जुन्या धर्तीचं आरओ यंत्र एक लिटर पिण्याचं पाणी देताना दोन ते तीन लिटर पाणी मोरीत सोडतं. खडकवासल्याच्या साखळीतून येणारं महापालिकेचं पाणी मुळात मृदू असतं आणि त्यात विरघळलेले क्षार बरेच कमी असतात. लिटरमध्ये ५०० मिलिग्रॅमहून कमी क्षार असलेल्या पाण्याला आरओ वापरू देऊ नये, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्ये सांगितलं होतं. तरीही ज्या इमारतींना नळाचं पाणी येतं तिथेही आरओ असतो, आणि दिवसाला पंधरा लिटर शुद्ध पाण्यापायी तीस-चाळीस लिटर पाणी निचरून जातं. अशा घराला साधा गाळणीचा आणि अतिनील दिव्याचा फिल्टर पुरतो. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी घेणाऱ्यांनी निदान नाकारलेलं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरावं. दुसरी जागा संडासातली. जुनी टाकी एका वेळी दहा-बारा लिटर ओतते, दोन बटणांची नवी टाकी सहा किंवा तीन. या दोन्हींतून चौघांच्या घरात दिवसाला शंभर लिटर सहज वाचतात, आणि त्यासाठी कुणाला तहानलेलं राहावं लागत नाही.

काका: वाचव. पण तुझे शंभर लिटर म्हणजे समुद्रातला थेंब. महापालिकेच्या पाइपांतूनच किती गळतं! शिवाय ते वाचलेलं पाणी आमच्या पासलीला थोडंच येणार आहे? ते जाईल कालव्याने दौंड-इंदापूरला.

काकांच्या या दोन हरकतींतली पहिली हरकत अर्धी खरी आहे. पुण्याच्या वितरण व्यवस्थेत पाण्याचा फार मोठा हिस्सा गळती आणि बेहिशेबी वापरात जातो, हे महापालिकाही नाकारत नाही. पण थेंबाचा गुणाकार करून पाहिला पाहिजे. दहा लाख घरांनी दिवसाला शंभर लिटर वाचवले, तर वर्षाला ३,६५० कोटी लिटर होतात. टीएमसीच्या, म्हणजे अब्ज घनफुटांच्या, भाषेत हे १.२९ टीएमसी; खडकवासला धरणाची स्वतःची साठवण १.९७ टीएमसी आहे. म्हणजे दोन-तृतीयांश खडकवासला भरेल एवढं पाणी केवळ टाक्या आणि फिल्टर बदलून मोकळं होतं. रब्बी ज्वारीला हेक्टरी चार हजार घनमीटर पाणी धरलं आणि कालव्यात निम्मं वाया गेलं असं मानलं, तरी एवढ्या पाण्यावर साडेचार हजार हेक्टरांहून थोडी जास्त ज्वारी उभी राहते. गळती थांबवण्यासाठी महापालिकेला जाब विचारायचा की घरातला नळ बदलायचा, असा प्रश्न नाही. ज्याने स्वतःचं मीटर बघायला सुरुवात केली, तोच गळतीबद्दल आकडे घेऊन बोलू शकतो. दुसरी हरकत मात्र पूर्ण खरी आहे, आणि शहरी स्वयंपूर्णतेच्या पुस्तकांत ती सहसा सापडत नाही. शहराने वाचवलेलं पाणी डोंगरातल्या गावाला आपोआप मिळत नाही. त्यासाठी डोंगरात वेगळं काम करावं लागतं: झऱ्यांच्या माथ्यावर झाडी राखणं, छोटी टाकी, वनराई बंधारे. शहराचा हातभार लागणार असेल तर तो धान्याच्या दाराने जास्त खात्रीने लागतो.

काका: आणखी एक सांगतो. तुमच्याकडची माणसं आता दुसऱ्या टोकाला गेलीत. शहर सोडून गावात जाऊ, दहा-वीस गुंठे घेऊ, आपलं आपण पिकवू. त्यासाठी वेल्ह्यात आणि भोरमध्ये डोंगर कापून प्लॉट पडले. शेतघर बांधलं, बोअर मारली, हिरवळ लावली, आणि महिन्यातून दोन दिवस येऊन राहतात. विकणारा आपलाच भाऊबंद असतो, त्याला पैशांची गरज असते. पण एकदा खाचर गेलं की ते परत येत नाही. तुझी स्वयंपूर्णता आमच्या जमिनीवर उभी राहणार असेल, तर नको आम्हाला.

पुतण्याकडे या हरकतीला उत्तर नाही, आणि माझ्या मते ते असूही नये. शहरी माणसाने हौशी शेतकरी होण्यासाठी राबणाऱ्या शेतकऱ्याचं खाचर विकत घेणं, यात स्वयंपूर्णता कुणाचीच वाढत नाही. पाण्याचा उपसा मात्र वाढतो, कारण हिरवळीला उन्हाळ्यातही पाणी लागतं आणि भात तेव्हा शेतात नसतो. या ठिकाणी शहरातल्या घराने गावातल्या घराचं एक जुनं शहाणपण उचलण्यासारखं आहे. पासलीतलं घरही कधीच एकट्याने स्वयंपूर्ण नव्हतं. मीठ कोकणातून घाटवाटांनी वर यायचं, नांगराचा फाळ लोहाराकडून यायचा. लावणीच्या दिवसांत तर इर्जिक असे: आज एकाच्या खाचरात सगळ्यांनी उतरायचं, त्या दिवसाचं जेवण त्याच्या घरचं, उद्या दुसऱ्याच्या. जुन्या गावगाड्यात जातीची उतरंड होती आणि ती परत आणायची नाही, हे ठासून सांगितलं पाहिजे. पण इर्जिकीमागचा हिशेब जातीवर उभा नाही. चार दिवसांत रोप लावलं पाहिजे आणि एकट्याच्या हातांनी ते होत नाही, एवढंच त्यामागचं कारण आहे. शहरात इर्जिकीची जागा सोसायटी घेऊ शकते, आणि फ्लॅटमध्ये जे होत नाही ते सोसायटीत होतं.

कचऱ्यावर हे सहज दिसतं. पुण्यात रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा निघतो. कोथरूडचा डेपो बंद झाल्यावर तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी बसला. तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं आणि गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा शहराला आपल्या कचऱ्याची किंमत कळली. २०१६च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरांपेक्षा मोठ्या बंदिस्त वसाहतींना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं, आणि घरी गांडूळखत, सौर पाणी तापवणी किंवा पर्जन्यजल संधारण करणाऱ्यांना पुणे महापालिका मिळकतकरात पाच ते दहा टक्के सूट देते. घरचा ओला कचरा जिरवणं अवघड नाही. भोकं पाडलेला ड्रम घ्यायचा, तळाला सुकी पानं, मग दिवसाचा कचरा, त्यावर पुन्हा ओंजळभर सुकी पानं. मूठभर घेऊन दाबलं तर हाताला ओल लागावी, पाणी निथळू नये. वास येतो तो हवा कमी पडली म्हणून. ढवळलं आणि कोरडा पाला वाढवला की जातो. पण एका घराचा कचरा इतका थोडा असतो की ड्रममध्ये नीट उष्णता धरत नाही. चाळीस घरांचा रोजचा वीस किलो कचरा एकत्र आला की तो लवकर कुजतो आणि त्यावर दुसरा पर्यायही उघडतो. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांनी 'आरती' संस्थेतून दाखवलं की शेणावाचूनही, पिठूळ आणि गोड खरकट्यावर छोटं बायोगॅस संयंत्र चालतं. त्यासाठी संस्थेला २००६मध्ये अॅश्डेन पुरस्कार मिळाला. वीस किलो खरकट्यातून अंदाजे दोन घनमीटर गॅस, म्हणजे महिन्याला जवळजवळ दोन सिलिंडर. चाळीस घरांत दोन सिलिंडर म्हणजे स्वयंपूर्णता म्हणता येणार नाही. पण वर्षाला सात टन कचरा उरुळीच्या वाटेने जाणं थांबतं, आणि कुणाच्या तरी शिवारावरचं ओझं तेवढं कमी होतं. विजेचंही तसंच. गच्चीची निम्मी जागा टाक्या आणि सावलीत गेली, तर उरलेल्या दोनशे चौरस मीटरांवर वीस किलोवॅट बसतात आणि दिवसाला ऐंशीएक युनिट मिळतात. घरटी दोनच युनिट; पण पंप, लिफ्ट, जिन्याचे दिवे आणि पार्किंग त्यावर चालतं. केंद्राच्या २०२४च्या सूर्यघर योजनेत अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान आहे.

काका: हे सगळं करणार कोण? आमच्याकडे हंडा बाईच्या डोक्यावर. तुमच्याकडे ड्रम बाईच्याच हातात जाणार. पुरुष पॅनेलचं ॲप दाखवत फिरतील.

पुतण्या: काका, हे मात्र लागलं. खरंच आहे ते.

ही हरकत इथे सोडून देता येणार नाही. स्वयंपूर्णता म्हणजे श्रम, आणि घरातले बिनपगारी श्रम कुणाच्या वाट्याला जातात हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून कुठलंही काम घरी आणताना दोन प्रश्न विचारले पाहिजेत: हे कोण करणार, आणि त्याला मोल मिळणार का? पुण्यात याचं चांगलं उदाहरण आहे. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची संघटना १९९३मध्ये उभी राहिली आणि तिच्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. या संस्थेच्या सभासद, ज्यांत बहुतेक बायका आहेत, घरोघरी कचरा वेगळा करून घेतात आणि त्याचं शुल्क मिळवतात. सोसायटीच्या खताचं आणि संयंत्राचं काम अशा हातांना पगारी द्यावं. ते घरच्या बाईवर लादू नये आणि वेचकाच्या तोंडचा घासही काढू नये. आणखी एक हरकत अशी की हे सगळं गच्ची असणाऱ्यांसाठी आहे. वस्तीतल्या माणसाने काय करावं? वस्तीतल्या माणसाचा पाणी, वीज आणि कचऱ्याचा वापर आधीच कमी असतो. त्याने आणखी काटकसर करावी, असं सांगायचा अधिकार कुणालाच नाही. ज्याच्या घरात तीन बाथरूम आहेत, त्याच्यापासून सुरुवात व्हायला हवी.

पुतण्या: मग काका, गावाला हातभार लावायचा हा धान्याचा दरवाजा कसा उघडायचा?

काका: आमचं भात व्यापारी वेल्ह्यात घेतो. घाई असेल तर पडत्या भावात. तू पुण्यात इंद्रायणी तांदूळ म्हणून जे घेतोस ते कुठलं असतं कुणास ठाऊक. तुमच्या चाळीस घरांनी वर्षाचं आधी ठरवा, भाव आधी ठरवा, म्हणजे आम्हाला कळेल किती लावायचं.

हा व्यवहार आकड्यांत असा दिसतो. चाळीस घरांनी महिन्याला दहा किलो तांदूळ घेतला, तर वर्षाला ४८ क्विंटल होतात. भरडाईत भाताचा तिसरा हिस्सा कोंडा-तुसात जातो, म्हणून ७२ क्विंटल भात लागतो. हेक्टरी तीस क्विंटल धरलं तर साधारण सहा एकर. वेल्ह्याच्या डोंगरात धारणा छोट्या, म्हणून यात अनेक कुटुंबांचं खाचर येतं. २०२४-२५च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता, म्हणजे किलो तांदळामागे शेतकऱ्याच्या हाती चौतीस-पस्तीस रुपये. शहरात सुवासिक तांदळाला ग्राहक याहून बरंच जास्त देतो. मधला फरक वाहतूक, भरडाई आणि व्यापार यांत जातो. त्यातला काही शेतकऱ्याला आणि काही सोसायटीला मिळाला, तरी खाचर विकण्याची घाई कमी होते. पासलीतून तांदूळ घेऊन आलेली गाडी रिकामी परत का जावी? तांदळाबरोबर पासलीच्या मातीतलं नत्र-स्फुरद पुण्यात येतं आणि नाल्यात जातं. सोसायटीच्या सात टन ओल्या कचऱ्याचं दीड-एक टन खत होतं, ते त्याच गाडीने परत जावं. सहा एकरांना ते पुरणार नाही, पण रोप टाकण्याच्या वाफ्यांच्या काही भागाला पुरेल. या डोंगरांत रोपाची जागा भाजून घेण्याची, म्हणजे राब करण्याची पद्धत आहे. त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडल्या जातात आणि शेणही जळतं; या खताने ते थोडं टळेल. भाजल्याने तणाचं बी मरतं, ते काम खत करणार नाही. पण तणाला निंदणी आहे, तोडलेल्या झाडाला भरपाई नाही. काकांची एक अट मात्र सोसायटीने लिहून घ्यावी: खतात प्लास्टिकचा तुकडा निघाला तर गाडी परत. या एका अटीने चाळीस घरांचं कचरा वेगळं करणं जेवढं सुधारेल, तेवढं कुठल्याही पत्रकाने सुधारणार नाही, कारण तेव्हा खतापलीकडे एक ओळखीचं माणूस उभं असेल.

माझा निष्कर्ष असा. शहरातल्या घराने स्वयंपूर्ण व्हायचा हट्ट सोडावा आणि देणेकरी असल्याची जाणीव ठेवून जगावं. पहिल्या वर्षी पाण्याचं मीटर बसवावं, टाक्या आणि फिल्टर बदलावेत, ओला कचरा वेगळा करावा. दुसऱ्या वर्षी सोसायटीच्या वार्षिक सभेत खताचा शेड आणि सामायिक वापराचे पॅनेल मंजूर करून घ्यावेत, आणि त्यांच्या देखभालीचा पगार अंदाजपत्रकात धरावा. तिसऱ्या वर्षी एखाद्या गावाशी धान्याचा करार करावा आणि तो निदान पाच वर्षं मोडू नये; शेतकऱ्याला वाढीव भावाइतकीच खात्रीही हवी असते. बाल्कनीतली कोथिंबीर पहिल्या दिवसापासून लावावी, कारण तिच्यामुळे माती, पाणी आणि ऊन यांच्याशी हात राहतो, आणि ज्याचा हात मातीला लागतो त्याला शेतकऱ्याचं म्हणणं लवकर कळतं. या वाटेने गेलेलं घर बाजारातून मोकळं होणार नाही. पण त्याला आपलं पाणी, वीज आणि धान्य कुठून येतं हे नावानिशी सांगता येईल, आणि त्या जागेला आपण काय परत केलं हेही सांगता येईल. एवढं ज्या सोसायटीला सांगता येतं, तिने इतर कुणाला स्वयंपूर्णता शिकवायची गरज नाही. शेजारच्या सोसायटीने तिचा हिशेब मागून घ्यावा आणि स्वतःचा मांडायला बसावं.